खाडीतील गाळ आणि प्रदूषकांची परस्परसंगत

मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामधील ठाण्याच्या खाडीत ओहोटी लागली की काळसर गाळाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. रोहित पक्षी येथेच चरतात, निवट्या आणि खेकडे येथेच राहतात आणि अनेक कोळी कुटुंबांचा चरितार्थही या खाडीवर चालत आला आहे. तिच्या एका भागास २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा लाभला. त्याच खाडीत ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील व महानगरातील सांडपाणी वर्षानुवर्षे येत राहिले. त्यामुळे हा गाळ कोणती द्रव्ये धरून ठेवतो आणि कोणती सोडतो, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

डीडीटी, पीसीबी किंवा इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणारी बहुवलयी हायड्रोकार्बने पाण्यात अत्यल्प विरघळतात. पाण्यापेक्षा गाळातील सेंद्रिय अंशात, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याच्या ह्युमसात, ती सहज सामावतात. गाळात सेंद्रिय कार्बन जितका अधिक तितकी त्याची धारणशक्ती अधिक, असे कॅरिकहॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. शेतीतील डीडीटीच्या वापरावर भारतात १९८९ मध्ये बंदी आली; तथापि, असे द्रव्य एकदा गाळात रुतले की दीर्घकाळ टिकून राहते आणि वरचे पाणी मात्र स्वच्छ भासते.

हा हिशेब एका वेळी एकाच द्रव्याचा आहे. प्रत्यक्षात प्रदूषके एकेकटी येत नाहीत.

मऊ ह्युमसात द्रव्य तेलात विरघळावे तसे मुरते. तेथे फारशी चढाओढ होत नाही. काजळीचे कण, कोळशाचा चुरा आणि घट्ट झालेला ह्युमस यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पृष्ठभागावरील जागा मोजक्याच असतात आणि गर्दीच्या वेळच्या लोकलप्रमाणे तेथे रेटारेटी होते. अमेरिकेतील कनेक्टिकट येथील पिग्नाटेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ॲट्राझिन या तणनाशकावर प्रयोग केले, तेव्हा सोबत तत्सम द्रव्य असल्यास मातीची ॲट्राझिनवरील पकड सैल होते, असे आढळले. नवे प्रदूषक आले की जुने पाण्यात उतरू शकते, ते असे.

धुण्याच्या पावडरीतील प्रक्षालक द्रव्यांचे वर्तन दुहेरी आहे. अल्प प्रमाणात ती गाळाच्या कणांना चिकटून त्यांची धारणशक्ती वाढवू शकतात. प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाण्यात त्यांचे सूक्ष्म पुंजके बनतात आणि कपड्यावरील तेलकट डाग निघावा तसे गाळातील विष पाण्यात ओढले जाते. सांडलेले खनिज तेल मात्र गाळात मिसळून पीसीबीला ह्युमसापेक्षाही घट्ट धरते. तांब्यासारख्या धातूंबाबत सरसकट विधान करणे धोक्याचे: पाण्याची आम्लता, ह्युमसाचा प्रकार आणि धातूचे प्रमाण यांनुसार पकड कधी वाढते, कधी घटते.

म्हणूनच स्वच्छ गाळात एकच रसायन मिसळून काढलेला आकडा प्रत्यक्ष खाडीस लावणे योग्य नव्हे. गाळातील विषाचे एकूण प्रमाण कळले, तरी त्यातील किती अंश कालवांच्या आणि माशांच्या शरीरात जाऊ शकेल, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पॉलिथिनच्या पातळ पट्ट्या काही आठवडे गाळात रोवून ठेवण्याची पद्धत आता रूढ होत आहे. गाळाच्या कणांमधील पाण्यात जेवढे द्रव्य मोकळे असते, त्याच्या प्रमाणातच ते पट्टीत शिरते.

सॅन फ्रान्सिस्को उपसागरातील हंटर्स पॉइंट येथे पीसीबीयुक्त गाळ उपसून न काढता त्यात सक्रिय कोळसा मिसळून पाहण्यात आला. कोळसा पीसीबीला जखडतो आणि उपसण्याने गाळ ढवळला जाण्याचा धोकाही टळतो. परंतु हा उपायही संगतीपासून मुक्त नाही. गाळात तेल असेल, तर ते कोळशाच्या छिद्रांत आधी जाऊन बसते; म्हणून कोळसा किती मिसळावा, हे त्या त्या ठिकाणच्या गाळावरच तपासून ठरवावे लागते.