लेकीसाठी तिळाचे लाडू

संक्रांत जवळ आली. लेक सासरी आहे. तिला काय धाडाल? बाजारची रंगीत मिठाई नको. घरचे लाडू धाडा.

अर्धा किलो तीळ घ्या. साल काढलेले पांढरेशुभ्र नकोत. हाडांना लागणारा चुना सालीत जास्त असतो. लेकीच्या अंगावर मूल पीत असेल, तर तिला तो हवाच. तीळ मंद आचेवर भाजा. तडतडू लागले, की लगेच उतरवा. करपले तर सारे कडू!

पाव किलो शेंगदाणे भाजा, साले पाखडा. बुरशीचा दाणा मुळीच घेऊ नका. त्या बुरशीत विष असते.

तिळाइतकाच गूळ घ्या. काळसर चालेल. पिवळाधमक गूळ दिसतो छान, पण त्यात पुष्कळदा रंग उजळायची पावडर असते. आता तीळ, दाणे, गूळ एकत्र कुटा. तेल सुटू लागले, की लाडू वळा. पाण्याचा हात लावू नका, लाडू लवकर बिघडतात. डबाही कोरडा हवा.

डब्यात चिठ्ठी ठेवा. आता लिहिता येते ना! लिहा, "रोज एक तू खा. सगळे वाटून टाकू नकोस." सासूबाईंची पुडी मात्र वेगळी बांधा.