बँकॉकचा नीलम

हैदराबादेत पत्थरगट्टीच्या सराफाने भिंग डोळ्याला लावून दगड दोनदा फिरवला आणि म्हणाला, "पत्थर तो असली है बाजी, मगर चार हजार के उप्पर का नक्को समझो." मी त्या नीलमाचे अठरा हजार बाट मोजले होते. आपल्या रुपयांत बेचाळीस हजारांच्या पुढेच.

तेहेतीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर बसले. "ओटीपी कुणाला सांगू नका" हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना बजावून बजावून घसा सुकला. त्यात मी नारायणगुड्याची. चारमिनारपाशी रिक्षावाला बाहेरगावच्या पाहुण्यांना "बस दो मिनट, देखने का पैसा नहीं" म्हणत मोत्यांच्या दुकानात नेतो आणि मागच्या दाराने आपला वाटा घेतो, हे आम्ही परकरात असल्यापासून बघत आलोय. तोच खेळ परमुलखात माझ्याशी झाला, तर मला ओळखू आला नाही.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात एकटीच निघाले होते. घरात कुरबुर झाली, तेव्हा आत्या म्हणाली, "आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी अमेरिकेला गेली, आणि ही साठीची बाई बँकॉकला जायला कुणाला विचारते!" विषय मिटला.

बँकॉकला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी था चांगच्या धक्क्यावर बोटीतून उतरून ग्रँड पॅलेसकडे चालत होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पन्नाशीचा गृहस्थ हसत पुढे आला. आपण शिक्षक आहोत, मुलगी नर्स आहे, भारतातली माणसं फार चांगली. मग हळहळून म्हणाला, राजवाडा आज दुपारपर्यंत बंद, भिक्षूंची प्रार्थना आहे. माझ्याच नकाशावर त्याने पेनाने तीन गोल काढले, एक टुकटुक थांबवली आणि तीन देवळांचे मिळून वीस बाट ठरवून दिले. वीस बाटांत तर तिथे धड नाश्ताही होत नाही. पण 'स्वस्तात पडलं' म्हटलं की आपलं डोकं पुढचं गणित करत नाही. ड्रायव्हरचं पेट्रोल आणि दलाली दुकानाकडून सुटते, हे नंतर कळलं.

पहिलं देऊळ खरंच सुंदर होतं, बत्तीस मीटर उंच उभा बुद्ध. तिथे बाकावर दुसरा एकजण बसलेला. बोलता बोलता म्हणाला, रत्नांवरची सरकारी करमाफी आजच संपतेय, मी सकाळीच दोन नीलम घेतले, परदेशात दुप्पट भाव येतो. मला वाटलं, याची आणि त्या शिक्षकाची काय ओळख? ओळख होतीच, फक्त मला ठाऊक नव्हती. अनोळखी शहरात दोन माणसं वेगवेगळ्या ठिकाणी तुम्हांला एकाच दुकानाकडे वळवू लागली, तर तिथूनच परत फिरा.

दुकानात गार पाणी, एसी, 'मॅडम, मॅडम'. दगड मी पर्समध्ये टाकणार होते, पण ते म्हणाले, विमानतळावर कटकट नको, आम्ही पोस्टाने पाठवतो. तेवढ्या आग्रहाचं कारण साधं होतं. माल हातात नसला की बाई तपासून घेणार कशी आणि तिथल्या पोलिसांना दाखवणार काय? पार्सल मी परतल्यावर बारा दिवसांनी नारायणगुड्याला आलं.

तीनच्या सुमाराला राजवाड्यापाशी पोचले. तो उघडा होता. रोज सकाळी साडेआठला उघडतो, त्या दिवशीही उघडला होता. फाटकावर कर्ण्यातून सूचना चालली होती, अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका. मी ती उभ्याने पूर्ण ऐकली.

रात्री झोप लागली नाही ती पैशापायी नव्हे. मधल्या तासाभरात टुकटुक कुठल्या गल्ल्यांतून गेली, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. फोनचं रोमिंग मीच वाचवून ठेवलं होतं. त्यांना फक्त पैसे हवे होते, म्हणून बेचाळीस हजारांवर निभावलं.

म्हणून काय तोंडाला कुलूप लावून फिरायचं? दुसऱ्या दिवशी वाट चुकले, तेव्हा आंबा आणि चिकट भात विकणाऱ्या एका बाईला विचारलं. भाषा नाही, नुसत्या खुणा. तिने गाडी मुलीवर सोपवली, मला धक्क्यापर्यंत पोचवलं आणि मी पैसे काढले तर हातावर चापट मारली. ती आपल्या कामात होती, मी तिच्याकडे गेले. शिक्षक मात्र माझ्याकडे आला होता आणि त्याला माझा बेत बदलायचा होता. आता मी एवढंच बघते, कोण कुणाकडे आलं.

'बंद आहे' हे तिकीटखिडकीने सांगितलं तरच खरं. "एकट्याच का?" याला माझं ठरलेलं उत्तर, "नणंद मागून येतेय." (घरात कधी उपयोगी न पडलेली नणंद बँकॉकात फार कामाला आली.) हॉटेलचं नाव, खोलीचा नंबर बोलण्याच्या ओघात सांगायचा नाही. पेय आपल्यासमोर उघडलेलंच घ्यायचं. आणि गाडीत बसण्याआधी भाचीला लोकेशन पाठवायचं, मग रोमिंगचे काय पैसे व्हायचे ते होवोत.

आत्याचा दाखला मी परत आल्यावर नीट वाचला. न्यू जर्सीच्या कारपेंटरबाईंनी आनंदीबाईंना घरी ठेवून घेतलं खरं, पण त्याआधी तीन वर्षं दोघींची पत्रापत्री चालली होती. मी शिक्षकाला सात मिनिटं दिली.

आणि एक चूक लाजेची. पैसे कार्डाने दिले होते, लगेच बँकेला कळवलं असतं तर काही हाती लागलं असतं कदाचित. पण बँकेतल्याच जुन्या लोकांना काय तोंड दाखवणार, म्हणून गप्प बसले. तुम्ही बसू नका. थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५. कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.