ब्रह्मगिरीची फेरी : एका दिवसाची प्रदक्षिणा

श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी येणारे बहुसंख्य भाविक कुशावर्तावर स्नान करून ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतात आणि नाशिककडे परततात. ज्या पर्वताच्या कुशीत हे क्षेत्र वसले आहे त्याच्याकडे मान वर करून पाहण्याइतकाही अवकाश अनेकांना मिळत नाही. वास्तविक ब्रह्मगिरी हा प्रत्यक्ष शिवस्वरूप मानला गेला आहे. त्याची पाच शिखरे ही सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष व ईशान या शिवाच्या पाच मुखांची रूपे होत, अशी परंपरेची धारणा आहे. म्हणून मंदिरातील दर्शनाइतकेच या पर्वताभोवती पायी चालण्याला महत्त्व दिले गेले. या चालण्यास स्थानिक बोलीत साधेपणाने ‘फेरी’ म्हणतात.

शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत या फेरीचे मूळ सापडते. दुष्काळात गौतम ऋषींच्या आश्रमाने अनेकांना अन्न-पाणी दिले. त्याच आश्रयितांच्या मत्सरातून त्यांच्यावर गोहत्येचा आळ आला. मायावी गाय गौतमांनी हातातील गवताच्या काडीने हाकलली आणि ती गतप्राण झाली, ही कथा सर्वश्रुत आहे. प्रायश्चित्त म्हणून त्यांना जे सांगण्यात आले त्यात ब्रह्मगिरीच्या एकशे एक प्रदक्षिणांचा उल्लेख येतो. पुढे शिव प्रसन्न होऊन गंगा अवतरली, गौतमांनी कुशाने तिला अडविले आणि ते स्थान कुशावर्त झाले. गंगा आणण्याची कथा सर्व पुस्तकांत विस्ताराने येते. प्रदक्षिणांचा भाग मात्र एका ओळीत आटोपला जातो. जो मनुष्य एकदा तरी ही वाट चालला असेल, त्यालाच एकशे एक या संख्येचा अर्थ कळतो.

दुसरी आठवण वारकरी संप्रदायाची आहे. विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई आपल्या चार मुलांसह त्र्यंबकेश्वरी आले असता प्रदक्षिणेच्या वाटेवर वाघ समोर आला. त्या धावपळीत थोरले निवृत्ती मागे राहिले, वाट चुकले आणि ब्रह्मगिरीवरील एका गुहेत शिरले. तेथे गहिनीनाथ होते. त्यांनी त्या बालकाला उपदेश केला, निवृत्तींनी तो पुढे ज्ञानदेवांना दिला, आणि शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ग्रंथाच्या अखेरीस ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा सांगितली आहे, तीत गहिनीनाथांचे नाव आहे. एका चुकलेल्या वाटेने मराठी भाषेचे केवढे भले झाले! श्रीनिवृत्तिनाथांनी इ. स. १२९७ मध्ये याच क्षेत्री समाधी घेतली. पौष वद्य एकादशीस तेथे मोठी यात्रा भरते.

शिवमंदिरात पूर्ण प्रदक्षिणा करीत नाहीत, सोमसूत्रापर्यंत जाऊन परत फिरतात, हा नियम जाणणारे भाविक येथे शंका विचारतात. तो नियम गाभाऱ्यातून वाहणाऱ्या तीर्थाच्या पन्हळीशी निगडित आहे. पर्वताची फेरी पूर्णच करावयाची असते. अरुणाचलाची १४ किलोमीटरची गिरिप्रदक्षिणा, गोवर्धनाची सुमारे २१ किलोमीटरची परिक्रमा, गिरनारची ३६ किलोमीटरची कार्तिकातील परिक्रमा आणि कैलासाची ५२ किलोमीटरची परिक्रमा या सर्व पूर्ण वर्तुळाच्याच आहेत. ब्रह्मगिरीची लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची आहे. मोठी फेरी त्याच्या साधारण दुप्पट भरते. प्रथम येणाऱ्याने लहान फेरीचाच संकल्प करावा.

पर्वत उजव्या हाताला ठेवून चालावयाचे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे दिशा चुकत नाही. कुशावर्तावर स्नान करून पहाटेच निघावे. नाशिक रस्त्याने प्रयागतीर्थ आणि पेगलवाडी येथवर वस्ती व वाहने यांची सोबत असते. तेथून मार्ग पहिने गावाकडे वळतो. डावीकडे अंजनेरी, उजवीकडे ब्रह्मगिरी अशा दोन भिंतींमधून तो जातो. पावसाळ्यात दोन्हीकडच्या कड्यांवरून धबधबे कोसळत असतात, आणि सुटीच्या दिवशी या टप्प्यावर सहलीला आलेल्यांची गर्दी व त्यांच्या गाड्यांतील गाणी यांचा त्रास होतो. पहिने मागे पडले की मात्र सारे शांत होते. मोठ्या लाटांसारखे एकामागून एक उंचवटे, त्यांच्या खोलगट भागात भाताची खाचरे, उतारावर नागली व वरई, मधूनच एखादा पाडा. धाडोशीच्या बाजूस ही शांतता सर्वांत अधिक जाणवते. येथून ब्रह्मगिरीचे पश्चिमेकडील रूप दिसते, जे त्र्यंबक गावातून कधीच दिसत नाही.

या भागात एक गोष्ट आवर्जून पाहावी. फेरीच्या पूर्वेकडील ओहोळ गोदावरीला मिळतात आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जातात. पहिने-धाडोशीकडील पाणी वैतरणेचे आहे. ती पश्चिमेस वळून विरारच्या उत्तरेस अरबी समुद्राला मिळते. दोन समुद्रांकडे जाणाऱ्या या पाण्यांच्या मधली उंचवट्याची रेषा फेरी करणारा एका दिवसात दोनदा ओलांडतो. तेथे ना पाटी आहे, ना घंटा. वैतरणेवर ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा व मोडकसागर ही धरणे असून त्यांचे पाणी मुंबईला जाते. मुंबईहून येणाऱ्या भाविकांनी, विशेषतः देणगीदारांनी, हे ध्यानी घ्यावे की कुशावर्तावर अंजलीत घेतलेले जल आणि घरच्या नळाला येणारे जल ही एकाच डोंगररांगेची देणगी आहे.

ब्रह्मगिरी हा किल्लाही आहे. यादवांपासून निजामशाही, मोगल, मराठे असा त्याचा प्रवास झाला. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी तो स्वराज्यात आणला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. किल्ल्याच्या पहाऱ्यासाठी डोंगराच्या अंगावर जी ठाणी होती त्यांना ‘मेट’ म्हणत. विनायक खिंड, महादरवाजा, गंगाद्वार, सुपली अशा मेटांवर आजही वस्ती आहे. येथील अनेक कुटुंबे आदिवासी समाजाची आहेत. फेरीच्या वाटेवर जे बांध लागतात ते त्यांच्या श्रमाचे आहेत. चिखल टाळण्यासाठी खाचरात उतरून रोपे तुडविणारा यात्रेकरू कोणते पुण्य जोडतो, हे त्यानेच ठरवावे.

श्रावणातील तिसऱ्या सोमवारी लाखो भाविक फेरी करतात. रविवारी रात्रीच नामघोषात समुदाय निघतो. वाटेत दानशूर मंडळी चहा, केळी व साबुदाण्याची खिचडी वाटतात. २०२० व २०२१ या दोन वर्षांत महामारीमुळे श्रावणात मंदिरे बंद होती आणि ती वाट सुनी राहिली. गर्दीतील तो उत्साह अनुभवण्यासारखा आहे खरा, परंतु वृद्ध, लहान मुले आणि चित्त एकाग्र करू इच्छिणारे यांना दुसरा दिवस अधिक मानवतो. कार्तिक-मार्गशीर्षात आकाश स्वच्छ असते, भात कापणीस आलेले किंवा खळ्यावर पडलेले असते, आणि दिवसभरात मोजकीच माणसे भेटतात.

श्रावणात निघणाऱ्यांनी मात्र सावध असावे. त्र्यंबकचा पाऊस नाशिक शहराच्या दुपटीहून अधिक असतो. ओढ्याला गढूळ पाणी चढताना दिसले तर ते उतरेपर्यंत थांबावे. धुक्यात एकट्याने पुढे जाऊ नये. अनवाणी चालण्याचा नेम अनेकांचा असतो. ज्यांच्या पायांना सवय नाही किंवा ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पादत्राणे घालावीत, त्याने फेरीला उणेपणा येत नाही. सोबत पाणी, गूळ-शेंगदाणे, काठी व विजेरी घ्यावी. साधारण चालणाऱ्यास सहा ते आठ तास लागतात.

खेदाची बाब अशी की सोमवारची गर्दी ओसरल्यावर वाटेवर प्लास्टिकच्या बाटल्या, पेले व द्रोण यांचा खच उरतो. तो पुढच्या सरीबरोबर ओढ्यात जातो, म्हणजेच गोदावरीत किंवा वैतरणेत. ज्या नदीच्या उगमाचे दर्शन घ्यावयाचे तिच्याच मुखात हे घालावयाचे! २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी यंत्रांनी चाललेल्या खोदकामाविरुद्ध नाशिककरांनी आवाज उठविला होता. डोंगर फोडणे आणि डोंगरावर कचरा टाकणे यांत प्रमाणाचा फरक आहे. अन्नदान करणाऱ्या देणगीदारांनी पत्रावळी पानांची द्यावी, पाण्याचे पिंप व धातूचे पेले ठेवावेत, आणि दुसऱ्या दिवशी जागा झाडून घेणाऱ्या चार माणसांची मजुरी त्याच खर्चात धरावी.

सापगावच्या बाजूने फेरी पुन्हा त्र्यंबकाकडे वळते, तोवर दुपार कलंडलेली असते. पाय जड झालेले असतात आणि मंदिराचा कळस दिसत असूनही गाव जवळ येत नाही असे वाटते. गावात शिरल्यावर पुन्हा कुशावर्तावर हातपाय धुवावेत, त्र्यंबकराजाचे दर्शन घ्यावे. मग अंगात त्राण असेल तर श्रीनिवृत्तिनाथांच्या समाधिमंदिरात थोडा वेळ बसावे. तेथून ब्रह्मगिरीचा तोच कडा दिसतो, ज्याच्या मागील बाजूने दिवसभर चालणे झालेले असते.