आवाज आजीचा, किल्ली कोणाची?

घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आजीला अक्षरओळख नाही. तिच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाईलवर एमपी-थ्री स्वरूपात टिपल्या आहेत. ओव्या आजीच्या, यंत्र माझे. मग मधे तिसरा कशाला, असे कोणीही विचारील.

परंतु ध्वनी साठवण्याची ही पद्धत जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने इतरांसह विकसित केली व तिच्यावर पेटंटे घेतली. १९९८ साली सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे तिने परवाना-शुल्क मागितले. मुक्त सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, बदलावे, वाटावे. मग प्रत्येक प्रतीचे शुल्क कोणी भरावे? म्हणून फेडोरा या मुक्त प्रणालीत अनेक वर्षे एमपी-थ्रीची सोयच नव्हती. या अडचणीतूनच ऑग व्हॉर्बिस ही खुली पद्धत पुढे आली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ साली निघाली.

एमपी-थ्रीची परवाना-योजना २३ एप्रिल २०१७ रोजी संपली. कुलूप निघाले, पण मुदत सरली म्हणून. वापरणाऱ्याचा हक्क मानला म्हणून नव्हे. चित्रफितींच्या एचईव्हीसी पद्धतीवर आजही पेटंटे आहेतच.

यापुढील ओव्या मी ऑग व्हॉर्बिसमध्ये टिपणार आहे. आजीची वही ती एवढीच. तिची किल्ली घरातच असावी.