बिडाचे भांडे

मुलांनो, बिडाचा तवा तुम्ही पाहिला असेल. तो काळा, जड आणि ओबडधोबड दिसतो. परंतु एकदा तापला, की उष्णता दीर्घकाळ धरून ठेवतो. म्हणूनच कोकणातील घराघरांत घावनांसाठी त्याला मोठा मान आहे.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात सुमारे २ ते ४ टक्के कार्बन असतो. शुद्ध लोखंड वितळण्यास १५०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. बीड मात्र १२०० अंशांच्या आसपासच वितळून वाहू लागते. हा त्याचा गुण. ठिसूळपणा हा त्याचा दोष. ठोकून आकार देऊ गेल्यास ते फुटते. म्हणून त्याचे भांडे ओतूनच घडवावे लागते.

प्रथम भांड्याचा लाकडी अथवा धातूचा नमुना करतात. दोन भागांच्या पेटीत तो ठेवून त्याभोवती बारीक वाळू घट्ट ठोकून बसवितात. या वाळूत थोडी चिकणमाती व पाणी मिसळलेले असते. मग पेटीचे भाग अलग करून नमुना हलकेच काढून घेतात आणि पेटी पुन्हा जुळवितात. आत उरते ती भांड्याच्या आकाराची पोकळी. भट्टीतील रस या पोकळीत अखंड धारेने ओततात. आतील वायू वाळूच्या कणांमधून निसटून जातात. तसे न झाले, तर भांड्यात छिद्रे पडतात. रस थिजून भांडे सावकाश निवले, की साचा मोडतात, भांड्याच्या कडा घासतात व त्याला तेल लावून ते तापवितात. तेलाचा कठीण थर गंजापासून त्याचे रक्षण करतो.

इंग्लंडमध्ये पूर्वी पितळेची भांडी महाग असत. गरिबाला ती परवडत नसत. अब्राहम डार्बी हा स्वतः पितळेचा कारागीर. त्याने स्वस्त लोखंडाची पातळ भांडी वाळूच्या साच्यात ओतण्याची रीत सिद्ध केली आणि १७०७ साली तिचे एकस्व मिळविले. पुढे १७०९ साली कोलब्रुकडेल येथे त्याने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोखंड गाळले. त्यामुळे भट्टीसाठी अरण्ये तोडण्याची गरज उरली नाही.

प्रत्येक भांड्यासाठी साचा मोडावा लागतो, हे खरे. परंतु वाळू वाया जात नाही. तीच चाळून, भिजवून पुन्हा पेटीत भरतात. ज्या वाळूला आपण क्षुल्लक समजतो, तिच्याच आधाराने सामान्य माणसाच्या चुलीवर टिकाऊ भांडे चढले.

स्वाध्याय
१. बिडाचे भांडे ठोकून का घडविता येत नाही?
२. वाळूच्या साच्याचे कोणते फायदे या पाठात सांगितले आहेत?