डायरेक्टकडे वळावे का?

प्रश्न : एकाच मोठ्या फंड कंपनीत माझे चार फोलिओ आहेत, सगळे रेग्युलर प्लॅनचे. काय करावे?

उत्तर : आधी फोलिओ एकत्र करून घ्या. धारकांची नावे, त्यांचा क्रम आणि धारणेची पद्धत सारखी असेल तर अर्जावर काम होते. विक्री होत नसल्याने करही लागत नाही. खरा पैसा मात्र प्लॅनमध्ये अडकला आहे. १ जानेवारी २०१३पासून प्रत्येक योजनेला डायरेक्ट प्लॅन आहे. शेअर तेच, व्यवस्थापक तोच, फक्त वितरकाचे कमिशन त्यात नाही. समजा, खर्चात एक टक्क्याचा फरक आहे. १० लाख रुपये २० वर्षांत ११ टक्क्यांनी सुमारे ८०.६ लाख होतात, १० टक्क्यांनी ६७.३ लाख. तेरा लाखांहून अधिक रक्कम हातची जाते!

बाजार कोसळला की धीर कोण देणार, हा आक्षेप रास्त आहे. तुमचा वितरक ते काम खरोखर करत असेल तर कमिशन वाया जात नाही. वर्षानुवर्षे फोनच येत नसेल तर ते कशासाठी मोजायचे? रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये स्विच म्हणजे मात्र कराच्या दृष्टीने विक्रीच. इक्विटी फंडात वर्षापेक्षा जुन्या युनिट्सचा नफा आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त, पुढे साडेबारा टक्के. म्हणून नवी एसआयपी आजच डायरेक्टमध्ये सुरू करा आणि जुनी युनिट्स, एक्झिट लोड तपासून, मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत विभागून हलवा.