साधनाचें वर्णन कसें लिहावें?

कृत्रिम बुद्धीच्या हातीं संगणकाचें एखादें साधन द्यावयाचें, तर त्याचें नांव, वर्णन व त्यास लागणारी माहिती लिहून द्यावी लागते. अँथ्रॉपिकनें नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ची रीत हीच होय. साधनाची आंतील रचना त्या बुद्धीस सहसा दिसत नाहीं. लिहिलेले शब्द हाच तिचा आधार. “तारीख द्या” एवढेंच लिहिलें, तर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल कीं ४ मार्च? आगगाडीचें तिकीट भलत्याच दिवसाचें निघावयाचें! म्हणून “वर्ष-महिना-दिवस, जसें २०२५-०४-०३” असें स्पष्ट लिहावें. साधन केव्हां वापरावें, केव्हां वापरूं नये व त्यापासून काय मिळेल, हेंही सांगावें. वाचणारा शंका विचारावयास येणार नाहीं, असें समजूनच लेखणी उचलावी.